चाकांवरचे चौसष्ट

नव्वदच्या दशकात मी पावणे गावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका टेस्टिंग शेडमध्ये नोकरीला होते. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, वय सत्तावीस. शेडच्या जमिनीत दोन लोखंडी रोलर बसवलेले होते. गाडीची मागची चाकं त्यांवर ठेवायची, गाडी पट्ट्यांनी बांधायची आणि जागच्या जागी पळवायची. रोलरला पाण्याचा ब्रेक होता. तो आवळत गेलं की चाकं किती जोर लावतायत ते काट्यावर दिसायचं. या यंत्राला आम्ही डायनो म्हणायचो. छापील कागद वगैरे काही निघत नसे. मी आकडे वहीत उतरवत असे, कॅल्क्युलेटरवर हिशेब करत असे आणि आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं हॉर्सपॉवरची रेघ काढत असे. गिऱ्हाईक त्या रेघेकडे बघतही नसे. "मॅडम, टोटल किती?" एवढाच प्रश्न.

तळवलीचे एक शेठ असेच आले. चाळिशीच्या आतले, रेती-विटांचा धंदा. त्यांची जुनी सेडान गाडी त्यांनी एका मेकॅनिककडून पार बदलून घेतली होती. मोठा कार्बोरेटर, वेगळा कॅमशाफ्ट, रुंद सायलेन्सर. गाडी सुरू झाली की शेडचे पत्रे थरथरायचे.

"शंभर हॉर्सपॉवर हाय," ते म्हणाले. "तुमी फक्त कागदावर लिवून द्या."

एरवी ॲक्सिलरेटर आमचा माणूस दाबायचा. शेठ म्हणाले, "माज्या गाडीत दुसरा कोनी बसनार नाय." आमच्या साहेबांनी मान डोलावली. गिऱ्हाईक दुखवायचं नाही हा त्यांचा एकमेव नियम.

आकडा आला सत्तावन्न.

मी त्यांना समजावलं. कंपनी सांगते ती ताकद इंजिनाची असते, आपण मोजतो ती चाकांवरची. मधे गिअरबॉक्स, शाफ्ट, टायर सगळे आपापला वाटा खातात. विहिरीतून काढलेलं पाणी घरी येईपर्यंत थोडं सांडतंच.

"निम्मं सांडतंय?" शेठ म्हणाले. "मग हंड्याला भोक हाय तुमच्या."

निम्मं सांडत नाही हे मलाही ठाऊक होतं. मला खटकत होती ती रेघ. चार हजार आरपीएमपर्यंत ती छान चढायची आणि मग आडवी पडायची. वर इंजिनाला श्वास पुरत नाही, याचं ते लक्षण. मी ठामपणे सांगितलं, कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल यायचं भोक, लहान पडतोय. शेठ जेट बदलून आले. रेघ तशीच. मग मी म्हटलं, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कमजोर असतील. मेकॅनिकनं सगळं खोलून नव्या स्प्रिंगा घातल्या. रेघ तशीच. त्यानंतर माझ्या बोलण्यातला ठामपणा वाढतच गेला. मला काही सुचत नसलं की माझं असं होतं.

चौथ्या खेपेला शेठ एक कागद घेऊन आले. दुसऱ्या कुठल्यातरी ठिकाणी मोजून आणला होता. त्यावर ब्याण्णव.

"आता बोला," ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले.

मी तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान साठ अंश लिहिलं होतं. हवा तापली की ताकद घटते, म्हणून हिशेबात थोडी भरपाई धरतात. पण थर्मामीटर तापलेल्या रेडिएटरजवळ टांगला तर भरपाईही फुकटची मिळते. त्यावर गिअरबॉक्स वगैरेंच्या घटीचे म्हणून आणखी पस्तीस टक्के चढवले होते. ते सगळं वजा केलं तर त्यांच्याकडेही गाडी साठच्या आसपासच होती.

हे मी पाऊण तास समजावलं. शेठ ऐकून घेऊन म्हणाले, "पन कागदावर ब्यान्नव हाय ना?"

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "बाई, द्या की थोडी भरपाई आपणही. कोण बघायला येतंय?"

"मग रोलर कशाला फिरवायचे, साहेब? सरळ त्यांनाच विचारून लिहू."

मी तणतणतच शेठना म्हटलं, आणखी एकदा मोजू, या खेपेला मी शेजारी बसणार. त्यांना ते आवडलं नाही, पण नाही म्हणाले नाहीत.

कानात कापसाचे बोळे घालून मी बसले. आमचा माणूस बाहेर ब्रेक आवळत होता. तीन हजार, साडेतीन हजार. आवाज छातीत घुमायला लागला आणि माझी नजर सहज खाली गेली. शेठचा पाय पेडलवर होता, पण पेडल खाली टेकलं नव्हतं. आवाज वाढेल तसा पाय थोडा थोडा वर येत होता. त्यांचं लक्ष काट्याकडे, जबडा आवळलेला. त्यांना पत्ताच नव्हता.

गाडी थांबल्यावर मी म्हटलं, "शेठ, तुम्ही पूर्ण दाबत नाही."

"दाबतो की."

"नाही दाबत. मी पाहिलं."

त्यांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. म्हणाले, "फुटंल असं वाटतं ओ. येवडी मेहनत घेतलीय."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला तो माझाच. तीन खेपा मी त्या माणसाला जेट आणि स्प्रिंगा बदलायला लावत होते आणि ड्रायव्हरच्या पायाकडे एकदाही बघितलं नव्हतं.

शेवटी मीच त्यांच्या जागेवर बसले. शेठ दाराशी उभे राहिले, मग तेवढंही बघवेना म्हणून शेडच्या बाहेर गेले. मी पेडल तळाला टेकवून धरलं. रेघ साडेपाच हजारांपर्यंत चढत गेली. चाकांवरचे चौसष्ट. इंजिनाचे अंदाजे पंचाहत्तर. 'अंदाजे' या शब्दाखाली मी दोन रेघा मारल्या.

"शंभर नाय," शेठ म्हणाले.

"नाही. पण गाडी उत्तम बांधलीय. मेकॅनिकला सांगा."

त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. गावात ते अजून ब्याण्णवच सांगतात, असं नंतर आमच्या माणसाकडून कळलं.

पुढचे दोन दिवस मी जुन्या फायली उपसत बसले. ज्या गाड्या मालकांनी स्वतः चालवल्या होत्या त्यांत आणखी चार रेघा वर जाऊन अशाच आडव्या पडलेल्या सापडल्या. प्रत्येकीखाली माझ्याच अक्षरात, माझ्याच ठाम शब्दांत कारण लिहिलेलं. साहेब म्हणाले, "कशाला उकरून काढताय?" तरी मी चौघांना फोन केले. दोघे पुन्हा मोजायला येतो म्हणाले, आले नाहीत. एकानं माझं बोलणं पुरं व्हायच्या आत फोन ठेवला. चौथा कामोठ्याचा होता. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं.

"मॅडम, गाडी तर मी विकली," तो म्हणाला. "तुम्हीच म्हणालात ना, इंजिनात दम नाही."