झोळीच्या जागी टांगलेली डबी

मागच्या उन्हाळाभर मी जाफराबाद तालुक्यातल्या गावांतून लेकरं तोलत फिरले. वर्षाच्या आतली लेकरं. पाठीवर पिशवी, पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, नोंदवही आणि पाण्याच्या दोन बाटल्या. नर्सिंग करून जालन्यात घरी बसलेल्या बाईला असं काम मिळालं की ती जरा जास्तच तोऱ्यात चालते. मीही चालत होते. कुणी विचारलं तर ‘संशोधनात आहे’ म्हणून सांगायची, आणि त्याने पुढचा प्रश्न विचारू नये म्हणून लगेच जीपमध्ये चढायची.

संशोधन तसं समजायला सोपं होतं. उन्हाची लाट पुरासारखी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिला कुणी आपत्ती म्हणत नाही. पत्र्याच्या घरात तान्ह्या लेकराचं त्या लाटेत काय होतं, ते आम्हाला बघायचं होतं. लहान मुलांच्या एक डॉक्टर या कामाच्या प्रमुख होत्या. आम्ही त्यांना मोठ्या मॅडम म्हणायचो. त्यांच्या जोडीला एक तरुण इंजिनिअर होता. कापूस वेचून झाला की शेतात जी पऱ्हाटी उरते, ती लोक चुलीत घालतात नाही तर बांधावर जाळतात. या पठ्ठ्याने एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये ती दळून, दाबून तिच्या फळ्या केल्या होत्या. त्या पत्र्याखाली ठोकायच्या, म्हणजे आग खाली उतरत नाही असं त्याचं म्हणणं. अर्ध्या घरांना फळ्या यंदा, उरलेल्यांना पुढच्या वर्षी. दोन्ही घरांतली गरमी मोजायची, लेकरांची वजनं घ्यायची, आणि शेजारी शेजारी मांडून बघायचं.

गरमी मोजायला प्रत्येक घरात साबणाच्या डबीएवढं एक पांढरं यंत्र दिलं होतं. ते आपलं आपण नोंदी करत राहायचं. फळ्यांच्या घरांत इंजिनिअरने ते स्वतः स्क्रूने पक्कं बसवलं होतं. बाकीच्या घरांत ते झोळीजवळ, लेकराच्या उंचीला, खिळ्याला टांगायचं काम माझं. आणि टांगताना मी प्रत्येक घरी बायांना बजावलं, “नाजूक मशीन हाये, महागाचं हाये. लेकरासारखं जपा.” हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्याच डोक्यातून निघालं होतं, आणि मला ते इतकं आवडलं होतं की काही घरी मी ते दोनदा म्हटलं.

दर पंधरा दिवसांनी, ठरलेल्या वारी, मी येणार हे सगळ्यांना माहीत असायचं. मी पोचायच्या आधी अंगण झाडलेलं, लेकरू न्हाऊ-माखू घातलेलं, डबी आपल्या खिळ्याला. मी मोबाइलवर डबीतल्या नोंदी उतरवून घ्यायची, लेकरू तोलायची, चहा प्यायची आणि पुढच्या घरी जायची. आपल्या कामात शिस्त आहे म्हणून मी स्वतःवर खूश होते.

एप्रिलमध्ये इंजिनिअरचा फोन आला. बिचाऱ्याचा आवाज पार पडला होता.

“ताई, तुमची पत्र्याची घरं माझ्या फळ्यांच्या घरांपेक्षा गार दाखवतायत. असं कसं होईल?”

“मला काय विचारता? डबीत आहे ते मी पाठवलं,” मी म्हटलं. खरं तर मला थोडा रागच आला. माझ्या कामावर शंका घेतो की काय, असं वाटलं.

त्याने फळ्या पुन्हा तपासल्या. जाडी बदलून पाहिली. पऱ्हाटीतच खोट असेल असं स्वतःच म्हणायला लागला. मोठ्या मॅडमनी सांगितलं, मेअखेर असंच दिसलं तर पुढच्या वर्षीच्या फळ्या बसवायच्या नाहीत. ज्याचा उपयोग नाही ते लोकांच्या डोक्यावर ठोकायचं कशाला? त्यांचं बरोबर होतं. पण पुढच्या वर्षीच्या भरवशावर उन्हाळा काढणाऱ्या घरांत मी जात होते, त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगायचं ते मला सुचत नव्हतं.

त्यातल्याच एका घरात सात महिन्यांची एक मुलगी होती. बाप एमआयडीसीत रोलिंग मिलला, आठ-पंधरा दिवसांनी घरी यायचा. घरात मुलीची आई आणि आजी. मुलीचं वजन एका फेरीला होतं तेवढंच राहिलं आणि पुढच्या फेरीला चक्क उतरलं. मी त्या आईला झापलं.

“पाजतीस का न्हाई बराबर? का नुसती कामं करून राह्यली दिवसभर?”

ती खाली मान घालून म्हणाली, “पाजते ताई.” तिची सासू काहीतरी बोलायला गेली, पण तोवर मी नोंदवही उघडली होती. मी नोंदवहीत लिहिलं, ‘आईला समज दिली.’ आजही ते पान समोर आलं की मला स्वतःची लाज वाटते.

त्यानंतरची माझी फेरी नेमकी अक्षय्य तृतीयेला आली. त्या दिवशी घरोघरी पितरांच्या नावाने नवे माठ भरतात, पुरणाचा स्वयंपाक असतो. वजनकाटा घेऊन आलेल्या बाईकडे कोण बघणार? म्हणून मी कुणालाही न कळवता आदल्या दिवशीच निघाले. फाट्यावर जीपमधून उतरले तेव्हा दुपारचा दीड वाजला असेल. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

त्या मुलीच्या घराचं दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं तर चेहऱ्यावर झळ आली. त्या घरात एकच गार कोपरा होता. मागच्या बाजूला कडुलिंबाची सावली, जुनी मातीची भिंत आणि माठ. झोळी कायम तिथेच टांगलेली मी बघितली होती. आज झोळी खोलीच्या मधोमध, तापलेल्या पत्र्याखाली होती. आणि कोपऱ्यात, आढ्याच्या कडीला, जिथे झोळी असायची तिथे माझी डबी टांगलेली. तिच्याभोवती ओलं फडकं गुंडाळलं होतं.

मला बघून आई दचकून उठली. “ताई, तुम्ही तर उद्या येणार व्हता.”

“हे काय केलंस गं?”

“कोपऱ्यात एकच कडी हाये ताई. खिळ्याला मशीन टांगलं की ही पोरगी हात मारती. एकदा पाडलंबी तिनं. आन् बाहीर ठिवलं तर तापून बिघडंल. बिघडलं तर यादीतून नाव जाईल आमचं, मंग फळ्या कोण देईल? एवढा एक उन्हाळा काढू म्हणलं. पुढं तर तिला गारवाच हाये.”

सासूने सगळं अंगावर घेतलं. “मीच म्हणले तिला. तुम्ही यायच्या दिवशी बराबर जिथल्या तिथं लावून राह्यलो ना आम्ही.”

पाहुण्याला घरातली गार जागा द्यायची, ही आमच्याकडची रीतच. मी एक महागाचा पाहुणा त्यांच्या घरी आणून ठेवला होता आणि वर लेकरासारखं जपा म्हणून बजावलं होतं. त्यांनी लेकरापेक्षा जास्त जपलं. पण तेव्हा त्यावर विचार करायला वेळ नव्हता, कारण झोळीतली मुलगी मला बघून हललीही नव्हती.

मी तिला उचललं. अंग भाजत होतं. ओठ कोरडे, टाळू खोल गेलेली. सकाळपासून लघवी केली का, म्हणून विचारलं तर दोघींनाही आठवेना. डबीभोवतीचं ओलं फडकं मी ओढून काढलं आणि मुलीच्या अंगावर टाकलं. आईला म्हटलं, “पदर घे, हिला छातीशी धर, चल.” फाट्यापर्यंत आम्ही पळतच गेलो. जीपवाल्याने भरलेली जीप थांबवली, दोघांना खाली उतरवलं आणि मधे कुठेही न थांबता जाफराबाद गाठलं. वाटेत आई तिला पाजायचा प्रयत्न करत होती. मुलगी दोन घोट घ्यायची आणि मान टाकायची. एवढे महिने मी लेकरं तोलली, पण एकाही लेकराचा भार इतका जाणवला नव्हता.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं, सलाइन लावलं आणि म्हणाले, “पाणी कमी पडलंय. उन्हाचं आहे. वेळेवर आणलंत, आता वाट बघायची लघवीची.”

आम्ही वाट बघत बसलो. तासाभराने मुलीने डोळे उघडले. आईला तोंड धुवायला पाठवून मी तिला मांडीवर घेतलं होतं. तेवढ्यात माझा ड्रेस गुडघ्यापर्यंत भिजला. माझा जीव भांड्यात पडला. मी जोरात नर्सला हाक मारली, “केली, केली हिने.” शेजारच्या खाटेवरच्या म्हातारबाबांनी कुणाची डिलिव्हरी झाली का म्हणून विचारलं. मी हसत होते आणि रडतही होते, आणि ओला ड्रेस झटकायचंही मला सुचत नव्हतं. आई धावत आली. मुलीने तिला बघून भोकाड पसरलं. सकाळपासूनचं तिचं ते पहिलं रडणं, आणि इतकं गोड रडणं मी तरी कधी ऐकलं नाही.

मग बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन मी मोठ्या मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं. डबी, ओलं फडकं, कडी, आणि मी घरोघर जे बजावून आले होते तेही. नोकरी जाणार हे मी धरून चालले होते.

त्यांनी आधी मुलीची विचारपूस केली. लघवी झाली म्हटल्यावर “हुश्श” म्हणाल्या. मग म्हणाल्या, “उद्यापासून पत्र्याच्या सगळ्या घरांत जा. न कळवता, भर दुपारी. डब्या नंतर बघ. आधी झोळ्या कुठे आहेत ते बघ.”

सणाच्या दिवसासकट तीन दिवस मी तेच केलं. एका घरी डबी धान्याच्या कणगीमागे निघाली, एका घरी माठाच्या झाकणावर, एका घरी तर पाटावर बसवलेली. एकूण एक गार जागी. पण बाकीच्या घरांत झोळीही गार जागीच होती. प्रत्येक दारात मी आधी श्वास रोखायची आणि झोळी दिसली की सोडायची. शेवटच्या घरातून बाहेर पडले तेव्हा उंबऱ्यावरच बसले आणि एक तांब्या पाणी पिऊन टाकलं.

इंजिनिअरला फोन करून हे सगळं कळवलं. तो म्हणाला, “म्हणजे पऱ्हाटी चांगलीय?” त्याला बाकी काही ऐकूच गेलं नव्हतं. थोड्या वेळाने त्याने परत फोन केला आणि त्या मुलीबद्दल विचारलं.

पत्र्याच्या घरांच्या आजवरच्या सगळ्या नोंदी बाद झाल्या. मॅडमनी बैठकीत सांगितलं की चूक झाली हे अहवालात स्पष्ट लिहायचं, आणि ती घरच्यांची नव्हे, आपली म्हणून लिहायचं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बजावलंस तू, पण आपल्यापैकी एकजण तरी न सांगता त्या घरात दुपारी जाऊन बसला का?” माझी नोकरी राहिली. ठरलेले वार मात्र त्या दिवसापासून बंद झाले.

त्या मुलीचं घर अभ्यासातून काढायचं ठरलं. आता तिला आणखी थांबवणं कुणालाच मान्य नव्हतं, आणि आम्ही मधे पडून तिला दवाखान्यात नेल्यावर तिथल्या आकड्यांचा उपयोगही नव्हता. हे घरी जाऊन सांगायचं काम माझ्याकडे आलं. मुलगी दवाखान्यातून येऊन आठवडा झाला होता. झोळी पुन्हा कोपऱ्यातल्या कडीला होती आणि मुलीच्या गालांवर जरा तकाकी दिसत होती. आईने मला बघितलं आणि मी काही बोलायच्या आत कोनाड्यातली डबी काढून आणली. मुलीच्या धुतलेल्या झबल्यात ती गुंडाळून ठेवली होती.

“आमचं नाव काढलं ना ताई?”

“काढलं,” मी म्हटलं.

तिने मान हलवली, रडली नाही. “एक ओरखडाबी न्हाई पडू दिला,” म्हणाली आणि दोन्ही हातांनी डबी माझ्यापुढे धरली.

मी घाईघाईने म्हटलं, “नाव काढलं म्हणून तर फळ्या आल्यात. पुढच्या वर्षी न्हाई, आज.” फळ्यांचा टेम्पो फाट्यावरून आत वळला होता, त्याचा आवाज येत होता. तिला खरं वाटेना. ती उठून दारात गेली, टेम्पो बघितला, परत आली आणि मुलीला झोळीतून उचलून उगीचच घट्ट धरून उभी राहिली.

मी डबी पिशवीत टाकली आणि तिची माफी मागितली. डबीबद्दल, आणि त्या दिवशी पाजण्यावरून बोलले त्याबद्दल.

“तुम्ही कशाला वो माफी मागता?” ती म्हणाली. “तुम्ही तर माह्या पोरीसाठीच येत व्हता.”