कुस्करलेला घास

परवा विंचूरला हॉटेलात तळलेल्या बटाट्याचा वास आला, नि मला नाशिकचा तो दिवस आठवला.

नातू तवा दीड वर्षाचा व्हता. पोरगा नि सून त्याला नाशिकला वॉटर पार्कात घेऊन गेले, मला बी नेलं. दुपारी तिथंच जेवायला बसलो. मी बटाट्याचा तुकडा हातानं कुस्करायला घेतला, तशी सून हळूच म्हणाली, "आत्याबाई, हातानं नका ना. लोकं बघताय."

चार लेकरं मी कुस्करूनच वाढवली. तरी हात पुसून घेतला.

तिनं चमच्यानं अख्खा तुकडा भरवला. जरा वेळानं लेकराचा आवाजच बंद झाला. तोंड उघडं, डोळे मोठे, व्हट निळे पडायला लागले. पोरगा नुसता "पाणी, पाणी" करत व्हता.

"पाणी नको!" मी लेकराला मांडीवर पालथं घातलं, डोकं खाली केलं, नि पाठीत थापा मारत ऱ्हायले. चौथ्या थापेला तुकडा फरशीवर पडला, नि त्यानं भोकाड पसरलं.

सुनेनं ताट माझ्याकडं सरकवलं. "आत्याबाई, तुम्हीच कुस्करा."

तवा वाटलं, हिला माझी लाज वाटते. आता वाटतं, बावीस वर्षांची पोर, लोकांना भ्याली व्हती. नि मी बी गप बसलेच की.

आता माझ्या तोंडात दात नाय. परवा विंचूरच्या त्या हॉटेलात नातवानं माझ्यासाठी वडा हातानंच बारीक कुस्करला. शेजारचे वळून बघायला लागले.

"बघू द्या," सून म्हणाली.