कट म्हणजे कट

चहा आधी पिऊन घ्या, मग सांगतो. मागं एका पाव्हण्यांना ही गोष्ट चहा घेता घेता सांगितली, तर त्यांचा चहा नाकातून आला आणि झब्बा मला धुवावा लागला.

तर मंडळी, बहात्तरच्या दुष्काळानंतरची एक-दोन वर्षं. मी तेव्हा मुंबईच्या एका गिरणीच्या संघाकडून फुटबॉल खेळायचो. कागदोपत्री मी गिरणीतला कामगार, पण माग कसा चालतो ते मी लांबूनच पाहिलेलं. काम एकच, लाथा मारायच्या. त्याचा पगार मिळतो हे माझ्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही.

मला आणखी एक वेड होतं. जुन्या बाजारातून हातात मावेल एवढा सिनेमाचा कॅमेरा घेतला होता आणि त्यावर मी लघुपट काढायचो. पहिला काढला गुऱ्हाळावर. त्यात वाफेशिवाय काहीच दिसलं नाही. कोल्हापूरच्या आमच्या तालमीचे वस्ताद तो बघून म्हणाले, "आंघुळीचा पिक्चर काढलास व्हय रं?"

कोल्हापुरात फुटबॉलचे संघही तालमींचेच; तिथं सामन्यांचा हंगाम आला की मी रजा टाकून आमच्या पेठेच्या तालमीकडून खेळायला यायचो. कप्तान मीच. त्या वर्षी ठरवलं, आता लघुपट फुटबॉलवरच. एका तालमीला अकरा वर्षं विजेत्यांची ढाल मिळालेली नाही आणि शेवटच्या मिनिटाला कप्तान गोल मारून ती जिंकून देतो, एवढीच गोष्ट. कप्तानाची भूमिका कुणाची ते सांगायला हवं का? अकरा वर्षांचा भाग मात्र खरा होता. ढालीसाठी भिंतीत ठोकलेला खिळा गंजून गेला होता आणि वस्ताद रोज सकाळी त्याच्याकडं एकदा बघून मगच दूध प्यायचे. जाण्याआधी एकदा तो खिळा भरलेला बघायचाय, असं ते सगळ्यांना सांगायचे.

नट म्हणून संघातली पोरंच घेतली. कॅमेरा धरायला माझा शाळेपासूनचा दोस्त रशीद, त्याचा फोटो स्टुडिओ होता. रीळ जेमतेम तीन मिनिटांचं आणि इथं मिळायचं नाही, म्हणून मी नियम कडक केले. "ॲक्शन" म्हटलं की पळायचं. "कट" म्हटलं की आहे तिथं, आहे तसं उभं राहायचं, पाय वर असला तर वरच. कॅमेरा दुसरीकडं नेऊन पुढचं दृश्य तिथूनच उचलायचं असायचं ना. आमचा बॅक दिन्या पहिले दोन दिवस ऐकेना, कट झालं तरी हा आपला पळतोय. त्याला मी मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या. रशीदलाही बजावलं, रीळ संपलं की मोठ्यानं कट ओरडायचं, नाहीतर आम्ही फुकटचे पळत राहू.

महिन्याभरात पोरं अशी तयार झाली, की चहाच्या गाडीवर मी सहज बोलताना कट म्हणालो तरी गोलकीपर बाबू बशी ओठाशी धरून तसाच थांबायचा. मला कोण अभिमान वाटायचा म्हणून सांगू.

आणि आम्ही खरोखरच फायनलला पोचलो. मग शेवटचं दृश्य खोटं कशाला घ्यायचं? एकच रीळ उरलं होतं. रशीदला समोरच्या गोलच्या मागं उभं केलं आणि सांगितलं, मी चेंडू घेऊन निघालो की चालू कर.

मध्यंतराला अजून पाच मिनिटं होती. समोरच्या पेठेचा फॉरवर्ड चेंडू घेऊन आमच्या गोलकडं सुटला. दिन्या त्याच्या शेजारीच होता. आता आडवं घुसून चेंडू तोडायचा असला की मुंबईच्या संघात आम्ही काय ओरडायचो? बरोबर ओळखलंत. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "दिन्या, कट!"

दिन्या थांबला. एकटा दिन्या नाही, दहाच्या दहा थांबले. एकाचा पाय हवेत. बाबू हात पसरून उभा, समोरून चेंडू येतोय आणि हा पापणी हलवत नाही. चेंडू कानाजवळून आत गेला. त्या फॉरवर्डलाच कसंतरी झालं. तो बाबूजवळ जाऊन म्हणाला, "पावणं, बरं हाय न्हवं?" बाबू बोलेना. मी अजून ॲक्शन कुठं म्हटलं होतं?

मध्यंतरात वस्तादांनी दिन्याला जाब विचारला. तो म्हणाला, "कप्तान कट म्हनला की. मागं पळालो तर पाच फेऱ्या मारायला लावल्यात्या." वस्ताद ओरडले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "खिळा गंजलाय, पोरा. आता मीबी गंजलोय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पोरांना शपथ घातली, आता कुणीही कट म्हणू दे, थांबायचं नाही.

तोवर समोरच्या पेठेला गंमत कळली होती. उत्तरार्धात त्यांची अख्खी गॅलरी कट, कट म्हणून ओरडत होती. आमचा एकही गडी थांबला नाही. उलट दिन्यानं लांबून असा फटका हाणला की बरोबरी झाली. मीही चार वेळा चेंडू घेऊन पुढं निघालो, त्यातल्या तीन वेळा उगाचच. कॅमेरा चालू होता ना.

शेवटचं मिनिट. चेंडू माझ्याकडं. दोघांना चकवलं, गोलकीपर लोळला. समोर मोकळा गोल, दहा पावलांवर. अगदी माझ्या लघुपटात लिहिला होता तसा. आणि गोलच्या मागून ओळखीचा आवाज आला, "कट!"

मी थांबलो.

चेंडूवर पाय, छाती पुढं, एक हात वर. मागून दिन्या ओरडत होता, "मार की रं!" त्यांच्या बॅकनं येऊन माझ्या पायाखालचा चेंडू काढून नेला आणि शिट्टी वाजली. रशीदला धरायला धावलो, तर तो शांतपणे म्हणाला, "रीळ संपलं. वरड म्हणून तूच सांगितलंतंस की."

सामना बरोबरीत सुटला, म्हणून ढाल दोन्ही तालमींत सहा-सहा महिने. पहिले सहा महिने आमचे आले. वस्तादांनी स्वतःच्या हातानं ती खिळ्याला लावली आणि त्या दिवशी सगळ्यांना दूध पाजलं, मलासुद्धा. एवढं समाधान मला पुढं कुठल्या गोलनं दिलं नाही.

पुढं तो लघुपट पुण्यात एका स्पर्धेत दाखवला. मी धावतोय, गोलकीपर लोळलाय, गोल मोकळा, आणि पडदा पांढरा. परीक्षक खूश. मला प्रशस्तिपत्र मिळालं. ते घेऊन मी तालमीत गेलो, तेव्हा सहा महिने संपून ढाल नुकतीच गेली होती. वस्तादांनी ते रिकाम्या खिळ्याला अडकवलं आणि विचारलं, "काय लिवलंय?"

मी ऐटीत वाचलं, "शेवट प्रेक्षकांवर सोपवल्याबद्दल."

वस्ताद म्हणाले, "त्यास्नी कशाला तरास दिलास? चेंडू तुझ्याच पायात हुता की."