वाकताच

मुलीच्या मोबाइलवरच्या गेममध्ये अणुयुद्धाने जग केव्हाच संपलंय. ओसाड रस्त्यावर तिचा माणूस एकटाच, आणि समोर तीन डोळ्यांचा, म्हशीएवढा कुत्रा गुरगुरत उभा. मीच मागून ओरडले.

"अगं, खाली वाक, दगड उचलल्यासारखं कर. पळेल तो!"

तिने माणसाला वाकवलं. कुत्रा उलट जवळ आला.

"आई, ह्याच्या कितीतरी पिढ्यांनी माणूसच पाहिलेला नाही," ती कुजबुजली. "दगड त्याला ठाऊकच नाही."

तिसऱ्या डोळ्यापेक्षा मला ह्याचंच जास्त भय वाटलं.

संध्याकाळी गल्लीत चपलेचा अंगठा सरळ करायला वाकले. शेजारी आमचं पिल्लू होतं, रोज माझ्या हातून पोळी खाणारं. त्याला आजवर कुणी दगड मारलेला नाही.

मी वाकताच ते शेपूट घालून पळालं.