ताळा आठ आला

यादम्मा थरथरायला लागली तेव्हा पिशवीतलं पाव रक्तही गेलं नव्हतं. दोन दिवसांची बाळंतीण. "नडुमु, अम्मा, नडुमु," म्हणत होती. कंबर फुटत होती तिची. सिस्टर स्वरूपाने नळी बंद केली, पिशवी वळवून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. पिशवीवर गट लिहिला होता, बी. यादम्माचं रक्त ओ. पिशवी मीच आणली होती.

मी काचीगुड्यातल्या एका दवाखान्यात ब्लड बँकेची आया होते. शिक्षण चौथी, मराठी शाळेत. वॉर्डातून स्लिप घ्यायची, त्या नंबरची पिशवी फ्रिजमधून काढायची, नेऊन द्यायची, एवढं काम. नंबर आठ आकडी. इतका लांब आकडा माझ्या नजरेत राहत नसे. म्हणून शाळेतला नवाचा ताळा करायची. सगळे आकडे मिळवायचे, आलेल्या बेरजेचे पुन्हा मिळवायचे, एकच आकडा उरेपर्यंत. स्लिपचा आणि पिशवीचा सारखा आला की झालं.

या ताळ्याने मी तीन-चार चुका पकडल्या होत्या. तेव्हापासून सिस्टर लोक नंबर वाचेनाशा झाल्या. पिशवीवरचा गटही पाहत नसत. ताळा झाला का, एवढंच विचारत. स्वरूपा म्हणायची, कॉम्प्युटर बंद पडेल, आक्का पडत नाही. मला ते आवडायचं.

त्या दिवशी स्लिपवर ६२१८३४४७ होतं. मी काढलेल्या पिशवीवर ६२१८३४७४. दोन्हींची बेरीज पस्तीस. तीन आणि पाच आठ. मी आठ म्हटलं आणि स्वरूपाने नळी जोडली.

दुपारी मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. ताळा जमला होता, मी सांगितलं. त्यांनी कागदावर एका नंबरातून दुसरा वजा केला. सत्तावीस आले.

"याला नवाने भाग जातो, आक्का. दोन आकड्यांची अदलाबदल झाली की फरक नेहमी असाच येतो. तुमच्या ताळ्याला ही चूक दिसणारच नाही."

"मग इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं नशीब."

यादम्माचा नवरा आयसीयूबाहेर जमिनीवर बसला होता. मी जाऊन सांगितलं, पिशवी मी आणली, नंबर मी तपासला. तो ओरडला नाही.

"हिसाब गलत था क्या, अम्मा?"

"हिसाब बरोबर था," मी म्हटलं.

याहून वाईट उत्तर मी कुणाला दिलेलं नाही.

आता तिथे दोघींनी एकेक आकडा मोठ्याने वाचायचा आणि गट वेगळा पाहायचा, असा नियम आहे. वेळ लागतो. लागू दे. ताळा चुकला तर चूक आहे हे नक्की. जमला तर काहीच नक्की नाही. मास्तरांनी हे सांगितलंही असेल. माझं लक्ष नसेल.

यादम्मा तिसऱ्या दिवशी गेली. तिची मुलगी जगली.