आंध्रच्या वादळावर आमची पाळत

आमच्या ह्यांनी वादळाकडे जितकं लक्ष दिलं तितकं माझ्याकडे लग्नाच्या वर्षीही दिलं नाही. ते बंगालच्या उपसागरात उठलं आणि इकडे पांढुर्ण्याच्या घरात हे मोबाईल घेऊन बसले. भूगोलाचे मास्तर! पडद्यावरचं ते लाल-पिवळं भिरभिरं जरा फुगलं की सौंसरच्या नातेवाइकांना फोन, "जोर धरून राहिलं बरं का!" जणू यांनीच खाऊपिऊ घालून वाढवलं होतं.

माझी धाकटी बहीण विशाखापट्टणमला राहते. तिला तर दिवसभर सूचना. गच्चीवरचं सामान आत घे, पाणी भरून ठेव, खिडक्या बांधून घे.

इकडे सावरगावच्या आमच्या शेतात कापूस फुटून लोंबत होता. पण सीतादही झाल्याशिवाय आमच्याकडे बोंडाला कोणी हात लावत नाही. शेतात पाच दगड मांडायचे, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मग पहिली वेचणी. दही मी विरजून ठेवलं होतं, वेचणाऱ्या बायाही तयार होत्या.

"अहो, उद्याच उरकून घेऊ," मी म्हटलं. "वर्षभराचा कापूस आहे."

"रविवारी करू. मले सुटी आहे, फोटो काढता येतीन. समुद्र कुठं, आपण कुठं! किनाऱ्याले लागलं का वादळाचा दम निंघते."

सासूबाईंनी मान डोलावली. लेक मास्तर आहे ना!

शुक्रवारी वादळ किनाऱ्याला लागलं. मॅच जिंकल्याच्या थाटात ह्यांनी चहा मागितला. शनिवारी तेच दम निघालेलं वादळ आमच्या शेतावर आलं आणि रविवार उजाडेपर्यंत कोसळत राहिलं.

सासूबाईंनी चिखलातच पाच दगड मांडले. दहीभात पाण्याबरोबर वाहून गेला. कापूस मळकट होऊन मातीला टेकला होता. त्या रडत होत्या आणि आम्ही बाया हाताला लागेल ते ओटीत गोळा करत होतो. माझा संताप आवरत नव्हता.

तेवढ्यात ह्यांच्या मोबाईलवर बहिणीचा फोन आला. ह्यांनी कौतुकानं स्पीकर लावला.

"जीजाजी, तुमच्यामुळं आमचं सगळं वाचलं! तिकडं कसं आहे?"

हे बांधावर छत्री धरून उभे होते. "इकडं काय होऊन राहिलं! एकदम मस्त."

मी ओटीतला भिजका कापूस त्यांच्या पायांवर ओतला आणि फोन हातातून घेतला.

"अगं, ह्यांचं ऐकू नकोस. आमचा कापूस गेला. सगळा."