मालिनीबाईंचा सातवा कागद

सप्टेंबर २००७ मधल्या त्या गुरुवारी मालिनी खानझोडे यांनी शाळेत जाण्यासाठी काजळ घातलं. त्यांचे यजमान मोरेश्वर नुकतेच ऑफिसातून आले होते आणि सोफ्यावर बसून बूट काढत होते.

"लग्न आहे का कुणाचं?"

"पालकांची संध्याकाळ आहे शाळेत. मुलांच्या खुर्च्यांवर आईबाप बसतात. दहा दहा मिनिटं."

"त्याला काजळ लागतं?"

"नरेंद्र आठल्ये येणार आहेत."

मोरेश्वरांचा एक बूट हातातच राहिला. "मालिनी, पाच वर्षं झाली त्याला."

"पाच वर्षं आणि आठ महिने," त्या म्हणाल्या आणि किल्ल्या घेऊन निघाल्या.

मूळच्या त्या नागपूरच्या. तिथे कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. मोरेश्वरांच्या नोकरीपाठोपाठ न्यू जर्सीत आल्या, ग्रीन कार्डची वाट बघितली, मग इथली शिक्षकाची परीक्षा दिली आणि २००१ च्या ऑगस्टमध्ये एका हायस्कूलमध्ये अकरावीला अमेरिकन साहित्य शिकवायला उभ्या राहिल्या. त्यांची एक रीत होती. कुठलीही कथा घ्यायची, तर तिच्यासोबत त्याच काळातले सात कागद वाटायचे. वर्तमानपत्राचं पान, कुणाचं पत्र, शाळा बंद झाल्याची नोटीस, बियाण्याची जाहिरात. ज्यानं लिहिलं त्याचं नाव मार्करनं काळं केलेलं. सोमवार ते गुरुवार मुलांनी ओळखायचं, हा माणूस कोण असेल आणि कशाला घाबरत असेल. शुक्रवारी बाई नाव सांगायच्या. दुष्काळातल्या कथेतली म्हातारी पाव उशीखाली का लपवते, हे वर्गाला बियाण्याची जाहिरात वाचल्यावर कळलं होतं.

पहिलं वर्ष सुरू होऊन महिना व्हायचा होता आणि ते अकरा सप्टेंबर आलं. आपल्या लोकांच्या दारांवर, गाड्यांवर अमेरिकेचे झेंडे लागले. ऑफिसला जाणाऱ्या बायकांनी टिकली पर्समध्ये ठेवली. मालिनीबाईंनी ठेवली नाही. त्याच वर्गात इशिता आठल्ये होती. तिला पहिल्या सहामाहीत 'बी' ग्रेड मिळाली.

जानेवारीत मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता. मालिनीबाई आतल्या बाजूला दीडशे माणसांच्या गुळाच्या पोळ्यांवर तूप सोडत होत्या. बाहेर इशिताचे वडील नरेंद्र एक कागद घेऊन टेबलाटेबलावर फिरत होते. फिरून झाल्यावर आत आले.

"मालिनीताई, पोळी अप्रतिम. तिळगूळ घ्या, गोड बोला."

"तुम्हीही बोला," बाई हसून म्हणाल्या.

पुढच्या बुधवारी प्रिन्सिपलनं बोलावून तो कागद पुढे केला. नरेंद्र आठल्ये यांनी लिहिलेलं पत्र, खाली अकरा सह्या, सगळ्या मराठी. 'या कठीण काळात आमच्या मुलांनी या देशात पूर्णपणे मिसळून जाणं गरजेचं आहे. अमेरिकन साहित्य त्यांना अमेरिकन उच्चारात, अमेरिकन व्यक्तीकडूनच शिकायला मिळावं, ही नम्र विनंती.' प्रिन्सिपल भला माणूस होता. म्हणाला, तुमच्याच समाजाची तक्रार आहे, मी काय करू? फेब्रुवारीपासून बाईंकडे नववीतली, व्याकरणात नापास झालेली मुलं आली. साडेचार वर्षं त्यांनी स्वल्पविराम शिकवले. फायलीतल्या त्या पत्राची प्रत मात्र त्यांनी हक्कानं मागून घेतली.

त्या वर्षीच्या गणपतीत नरेंद्र त्यांना म्हणाले होते, "ऐकलं मी, वर्ग बदलला तुमचा. वाईट वाटलं."

बाईंना तेव्हाच कळलं की आपल्याला काय हवंय. माफी नको होती. या माणसानं स्वतःच्या तोंडानं, त्याच्या घरच्या माणसासमोर म्हणायला हवं होतं, 'मी लिहिलं.'

२००६ मध्ये जुने शिक्षक निवृत्त झाले आणि अकरावीचा वर्ग परत मिळाला. पुढच्या वर्षीच्या यादीत एक नाव होतं, वेद आठल्ये. इशिताचा भाऊ.

बाईंनी अभ्यासक्रम उलटा केला. वर्षाच्या शेवटी येणारा भाग, २००१ नंतरच्या कथा, सप्टेंबरातच आणला. सहा कागद नेहमीसारखे आणि सातवं ते पत्र. नाव, सह्या, शाळा, शिक्षिका, सगळं काळं केलेलं.

बुधवारी निबंध आले. वेदचा वर्गात सगळ्यात सरस होता. त्यानं लिहिलं होतं: 'या माणसाला शिक्षिकेची भीती वाटत नाही. लोक आपल्यालाही तिच्यातलीच एक समजतील, याची भीती वाटते. म्हणून तो तिला पुढे ढकलतो आणि मागे लपतो.' बाईंनी त्यावर ए प्लस दिला आणि पालकांसाठी झेरॉक्स काढून ठेवली.

गुरुवारी संध्याकाळी नरेंद्र मुलाच्या खुर्चीत बसले. गुडघे बाकाला अडत होते. सगळ्या पालकांपुढे सात कागद आणि नमुन्याचा एक निबंध होता.

"वाचा," बाई इंग्रजीत म्हणाल्या, त्यांच्या त्याच नागपुरी उच्चारात. "मुलं वाचतात तसं. शेवटून सुरुवात करा."

नरेंद्रनी सातवा कागद उचलला. मग निबंध उचलला, त्यावरचं नाव पाहिलं, आणि पुन्हा सातवा कागद. शेजारच्या एका गोऱ्या आईनं त्यांच्याकडे वाकून म्हटलं, "तुमचा मुलगा? ब्रिलियंट. या भित्र्या माणसाला काय सोललंय त्यानं."

"थँक यू," नरेंद्र म्हणाले.

घंटा झाली. सगळे पुढच्या वर्गाकडे गेले. नरेंद्र बसूनच होते.

"मालिनीताई, वेदला माहीत आहे?"

"नाही."

"हे बरोबर नाही. मुलाला मधे आणलंत तुम्ही."

"तुम्ही नव्हतं आणलं? इशिताच्या 'बी' ग्रेडसाठीच लिहिलंत ना?"

"ते दिवस आठवा जरा. स्टेशनवर एका माणसानं माझ्या अंगावर कॉफी फेकली होती. गो होम म्हणाला. मी घरी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. मुलांचं काय होणार, हेच डोक्यात यायचं."

"मला ठाऊक आहेत ते दिवस. मीही इथेच होते, टिकली लावून."

नरेंद्रनी कपाळावरचा घाम पुसला. "काय करू सांगा. सॉरी म्हणू?"

"मला नको. उद्या शुक्रवार आहे. तिसऱ्या तासाला मी नाव सांगते, हा माझ्या वर्गाचा नियम आहे. आज घरी जाताना तुम्ही सांगा, नाहीतर उद्या मी सांगेन."

"एक्स्पोज करणार मला? पोरांसमोर?"

"अकरा जणांकडून सह्या घेतल्या होत्यात. सव्वीस पोरं काही फार नाहीत."

शुक्रवारी वेद वर्गात आला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते. बाईंनी खडू उचलला. त्यांनी तोंड उघडायच्या आत त्याचा हात वर होता.

"सातवा माझ्या बाबांनी लिहिलाय," तो इंग्रजीत म्हणाला. "काल गाडीत सांगितलं. गराजमध्ये गाडी बंद केल्यावर."

मागच्या बाकावरची अनया म्हणाली, "नो वे."

"आणि ती टीचर म्हणजे तुम्ही," वेद बाईंना म्हणाला.

"हो."

"मला निबंध लिहायला दिलात, तेव्हा माहीत होतं तुम्हाला, ते कोण आहेत?"

"हो."

"मी कोण आहे तेही?"

"तेही."

बाईंना जे हवं होतं ते मिळालं होतं. नरेंद्र आठल्येनं स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या मुलासमोर सांगितलं होतं. त्यांना ते गोड लागलं, हेही त्या लपवत नाहीत.

वेदनं दप्तर उचललं. "मग तुमच्यावर पण लिहिता येईल मला."

"लिही. सोमवारी दे."

"नाव काळं करू?"

"नको. माझं राहू दे."

सोमवारी त्यानं दोन पानं आणली. पहिलं वाक्य असं: 'शिक्षिकेला तिच्या अपमानाचा बदला हवा होता आणि तो घ्यायला तिनं माझा हात वापरला.' बाईंनी ते त्याच्यासमोर उभ्यानं वाचलं. दुसऱ्या पानावर एक स्वल्पविराम चुकला होता, तो लाल पेनानं दुरुस्त केला, खाली ए लिहिला, ऑफिसात जाऊन सव्वीस प्रती काढल्या आणि वर्गात स्वतःच्या हातानं वाटल्या. एक प्रत पाकिटात घालून नरेंद्रच्या पत्त्यावर पाठवली. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव स्पष्ट अक्षरात लिहिलं.

पश्चात्ताप झाला का, असं कुणी विचारलं तर मालिनीबाई चहाचा कप खाली ठेवतात.

"पोराबद्दल झाला. त्याला सांगितलंही तसं, वर्गासमोर. त्याच्या बापाबद्दल अजून वाट बघतेय, होतो का."